डिजिटल संदेशवहनातील चुका : मोजण्याआधी पाहू या



आजचा पाठ डिजिटल कम्युनिकेशन शिकणाऱ्या डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी आहे. पण अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनाही तो समजेल. लागणारं सामान अगदी साधं आहे : चौकटीची वही, पेन्सिल आणि स्प्रेडशीट चालेल असा कोणताही कॉम्प्युटर.

सुरुवातीलाच एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी प्रॅक्टिकलच्या तासाला एक विद्यार्थिनी जर्नल घेऊन माझ्याकडे आली. कॉम्प्युटरवर लुटुपुटूची संदेशवहन यंत्रणा तयार करायची, तिच्यातून हजार बिट पाठवायचे आणि किती चुकले ते मोजायचं, असा प्रयोग होता. थिअरीप्रमाणे २३ च्या आसपास चुका यायला हव्या होत्या. तिला ८० च्या आसपास येत होत्या. तीन वेळा करून पाहिलं, तरी तेच. "सर, काय लिहू?" तिच्या मागे सहीसाठी दहा-बारा मुलं उभी होती. मी घाईत म्हणालो, "अगं, काहीतरी गडबड झाली असेल. थिअरीला जुळेल असं रीडिंग लिही आणि पुढे चल."

तिने जर्नल मिटलं, पण जागची हलली नाही. म्हणाली, "सर, मग प्रयोग कशाला केला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी सही बाजूला ठेवून आम्ही दोघांनी तिच्या चुका मोजण्याऐवजी स्क्रीनवर *पाहिल्या*. गडबड काय होती ते दोन मिनिटांत कळलं. ती काय होती ते पुढे सांगतोच. आजचा पाठ त्या दोन मिनिटांतून आला आहे. चुकांची संख्या आपल्याला एवढंच सांगते की काहीतरी बिघडलं आहे. काय बिघडलं आणि उपाय कोणता, हे मात्र चुकांचं चित्र सांगतं.

१. यंत्रणेचे पाच भाग

कोणतीही डिजिटल संदेशवहन यंत्रणा घ्या, तिच्यात हे पाच टप्पे असतातच.

१) स्रोत : इथून ० आणि १ असे बिट निघतात.
२) प्रेषक : प्रत्येक बिटाचा विद्युत किंवा रेडिओ सिग्नल बनवतो. आपण सोपा नियम घेऊ. १ साठी +१ व्होल्ट, ० साठी −१ व्होल्ट.
३) माध्यम म्हणजे चॅनल : तार, हवा, अवकाश, काहीही. इथे सिग्नलमध्ये नॉइज, म्हणजे नको असलेला गोंगाट मिसळतो.
४) ग्राहक म्हणजे रिसीव्हर : आलेलं व्होल्टेज पाहून "हा १ असावा की ०?" हे ठरवतो. त्यासाठी त्याच्याकडे एक उंबरठा असतो. उंबरठ्याच्या वर आलं तर १, खाली आलं तर ०.
५) तुलना : पाठवलेला बिट आणि ठरवलेला बिट सारखे आहेत का?

पाचवा टप्पा प्रत्यक्षात फारसा मिळत नाही, कारण मूळ संदेश काय होता हे रिसीव्हरला माहीतच नसतं. सिम्युलेशनची खरी गंमत इथेच आहे. दोन्ही टोकं आपल्याच हातात असतात, म्हणून नेमका कोणता बिट कुठे चुकला यावर बोट ठेवता येतं.

२. स्प्रेडशीटवर यंत्रणा उभी करू

पाच रकाने करा आणि हजार ओळी भरा.

पहिला रकाना : रँडबिटवीन हे फंक्शन वापरून ० किंवा १.
दुसरा रकाना : पहिल्याची दुप्पट वजा १. त्यामुळे १ चा +१ होतो आणि ० चा −१.
तिसरा रकाना : दुसऱ्यात नॉइज मिळवा. त्यासाठी नॉर्म डॉट इन्व्ह हे फंक्शन घ्या. त्याला रँडने दिलेली संख्या, सरासरी ० आणि प्रमाण विचलन ०.५ असं द्या.
चौथा रकाना : तिसरा ० पेक्षा मोठा असेल तर १, नाहीतर ०.
पाचवा रकाना : पहिला आणि चौथा वेगळे असतील तर १, नाहीतर ०. याची बेरीज म्हणजे एकूण चुका.

एक सूचना. ही फंक्शन्स प्रत्येक वेळी नवे आकडे देतात. तुम्ही कुठेही काही टाईप केलं की सगळं बदलतं आणि मग "सर, माझं रीडिंग गायब झालं" अशी ओरड होते. म्हणून एकदा आकडे आले की ते कॉपी करून फक्त किमती म्हणून पेस्ट करा आणि मगच अभ्यासाला घ्या.

नॉइजचं प्रमाण विचलन ०.५ असताना एखादा बिट चुकण्याची शक्यता सुमारे २.३ टक्के असते, म्हणजे हजारात २३. पण दर वेळी बरोबर २३ येणार नाहीत. १४ ते ३२ च्या दरम्यान काहीही आलं तर तो योगायोगाचा खेळ समजावा. ८० आल्या तर मात्र तो योगायोग नाही. "गडबड झाली असेल, पुढे चल" असं म्हणण्याची ती जागा नव्हती. ती थांबून शोधण्याची जागा होती.

३. पहिलं चित्र : ठिपके

आता आलेख काढा. आडव्या अक्षावर बिटाचा क्रमांक, उभ्या अक्षावर रिसीव्हरला मिळालेलं व्होल्टेज. जिथे १ पाठवला होता तो ठिपका निळा, जिथे ० पाठवला होता तो लाल. मधे उंबरठ्याची आडवी रेघ मारा.

दोन पट्टे दिसतील. +१ च्या आसपास निळ्या ठिपक्यांची गर्दी, −१ च्या आसपास लाल ठिपक्यांची. रेघ ओलांडून खाली गेलेला प्रत्येक निळा ठिपका म्हणजे एक चूक. वर चढलेला प्रत्येक लाल ठिपका म्हणजेही एक चूक. यंत्रणा नीट असेल तर दोन्ही बाजूंनी साधारण सारखेच ठिपके रेघ ओलांडतात.

आमच्या त्या विद्यार्थिनीच्या चित्रात तसं नव्हतं. जवळजवळ सगळ्या चुका निळ्या होत्या. म्हणजे १ चा ० होत होता, ० चा १ जवळजवळ होतच नव्हता. नॉइज काही पक्षपात करत नाही. मग पक्षपात कोण करतंय? उंबरठा! तिने चौथ्या रकान्यात ० ऐवजी ०.५ लिहिलं होतं. बिट ० आणि १ असतात, त्यांचा मध्य ०.५, असा तिचा हिशोब. पण सिग्नल −१ आणि +१ होता, त्याचा मध्य ० आहे.

आता हिशोब जुळतो का बघा. उंबरठा ०.५ वर असेल तर +१ वरून तिथे यायला नॉइजने फक्त अर्धा व्होल्ट खाली ढकलायला हवं. ही शक्यता सुमारे १६ टक्के. −१ वरून तिथे पोचायला दीड व्होल्ट वर ढकलायला हवं. ही शक्यता ०.१४ टक्क्याहूनही कमी. पाचशे १ आणि पाचशे ० पाठवले तर सुमारे ८० चुका होणार आणि त्यातली एखादीच ० ची. तिचं रीडिंग अगदी बरोबर होतं! चूक होती ती यंत्रणेत, आणि "जुळवून लिही" म्हणणाऱ्या माझ्यात.

मी सांगितलं तसं तिने २३ लिहिलं असतं तर तो उंबरठा कायमचा चुकीचाच राहिला असता. म्हणून लक्षात ठेवा, न जुळणारं रीडिंग खोडायचं नसतं, ते वाचायचं असतं.

जाता जाता एक गोष्ट. आपण एका वेळी एकच बिट पाठवला, म्हणून ठिपके दोन पट्ट्यांत आले. मोबाईल किंवा वायफायमध्ये एकाच सिग्नलमधून अनेक बिट जातात. तिथे ठिपक्यांचे ४, १६, ६४ किंवा २५६ पुंजके एका चौकोनात मांडलेले असतात. या चित्राला कॉन्स्टेलेशन डायग्राम, म्हणजे तारकासमूहाचं चित्र म्हणतात. ६४ पुंजके असतील तर एका सिग्नलमधून ६ बिट जातात. वेग वाढतो, पण पुंजके एकमेकांना खेटतात आणि थोड्याशा नॉइजनेही ठिपका शेजारच्या घरात शिरतो. म्हणून शेजारच्या घरांना असे क्रमांक देतात की त्यांच्यात एकाच बिटाचा फरक असावा. घर चुकलं तरी ६ पैकी एकच बिट बिघडतो. या मांडणीला ग्रे कोड म्हणतात.

४. दुसरं चित्र : घसरगुंडी

नॉइज कमी-जास्त करून चुका कशा बदलतात ते पाहू. उंबरठा ० वर ठेवा.

प्रमाण विचलन १ : एक हजार बिटांत सुमारे १५९ चुका
प्रमाण विचलन ०.५ : एक हजारात सुमारे २३
प्रमाण विचलन ०.४ : एक हजारात सुमारे ६
प्रमाण विचलन ०.२५ : एक लाखात सुमारे ३
प्रमाण विचलन ०.२ : एक कोटीत सुमारे ३

नीट बघा. नॉइज १ वरून ०.५ वर आणला, निम्मा केला, तेव्हा चुका सातपट कमी झाल्या. पुन्हा निम्मा करून ०.२५ केला, तर चुका सातशेपटींहून जास्त कमी झाल्या! साध्या आलेखावर ही घसरण दिसतच नाही, सगळे ठिपके तळाला चिकटतात. म्हणून उभा अक्ष लॉग मापनाचा घेतात. एकेक पायरी म्हणजे दहापट. मग आधी सावकाश आणि नंतर धबधब्यासारखी खाली कोसळणारी रेषा दिसते. डिजिटल टीव्हीवर चित्र एकतर स्वच्छ दिसतं नाहीतर एकदम चौकोन-चौकोन होऊन अडकतं. जुन्या अँटेनाच्या टीव्हीसारखं हळूहळू मुंग्या-मुंग्या होत जात नाही. त्याचं कारण या कड्यात आहे.

इथे बरेच जण एक गफलत करतात. प्रमाण विचलन ०.२५ ठेवून हजार बिट पाठवतात, एकही चूक येत नाही आणि जर्नलमध्ये "चुकांचं प्रमाण शून्य" असं लिहितात. हे बरोबर नाही. हजारात शून्य चुका आल्या, तर फार तर "प्रमाण बहुधा हजारात ३ पेक्षा कमी आहे" एवढंच म्हणता येतं. विश्वासार्ह आकडा हवा असेल तर निदान शंभर चुका गोळा होईपर्यंत बिट पाठवत राहावं, म्हणजे उत्तरात साधारण दहा टक्क्यांचीच डळमळ राहते. ०.२५ साठी याचा अर्थ ३० लाखांहून जास्त बिट. स्प्रेडशीटमध्ये ओळी साडेदहा लाखांच्या आतच संपतात, म्हणून इथून पुढे पायथनसारखी भाषा लागते.

५. तिसरं चित्र : चौकटीच्या वहीतला 'प'

आता वही उघडा. ८ × ८ चा चौकोन आखा आणि त्यात 'प' हे अक्षर रंगवा. काळं घर म्हणजे १, पांढरं घर म्हणजे ०. एकूण ६४ बिट.

■■■■■■■■
□■□□□■□□
□■□□□■□□
□■□□□■□□
□□■■■■□□
□□□□□■□□
□□□□□■□□
□□□□□■□□

हा 'प' आपण दोन वेगवेगळ्या माध्यमांतून पाठवू. दोन्हींत बरोबर ८ चुका होतात. पहिल्या माध्यमात त्या विखुरलेल्या आहेत :

■■■□■■■■
□■□□□■■□
□■■□□■□□
□■□□□■□■
■□■■■■□□
□□□□■■□□
□■□□□■□□
□□□□□□□□

दुसऱ्या माध्यमात आठही चुका लागोपाठ, पाचव्या ओळीवर पडल्या. मधेच वीज चमकली किंवा शेजारची मोटर सुरू झाली, असं समजा :

■■■■■■■■
□■□□□■□□
□■□□□■□□
□■□□□■□□
■■□□□□■■
□□□□□■□□
□□□□□■□□
□□□□□■□□

दोन्हींत चुकांचं प्रमाण एकच, ६४ पैकी ८, म्हणजे १२.५ टक्के. जर्नलमध्ये दोन्हींसमोर एकच आकडा लिहिला जाईल. पण पहिलं चित्र वही थोडी लांब धरून पाहिलं तर 'प' म्हणून वाचता येतं. दुसऱ्यात पोट फुटलं, काना तुटला, आता अक्षर कोणतं ते ठरवता येत नाही.

अजून पुढे जाऊ. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक राखणदार बिट जोडू. ओळीतली काळी घरं, राखणदार धरून, नेहमी सम संख्येत असली पाहिजेत. यालाच पॅरिटी म्हणतात. राखणदार बिट सुखरूप पोचले असं धरू. पहिल्या चित्रात प्रत्येक ओळीत एकेक चूक आहे, त्यामुळे आठही ओळींत समाचं विषम झालं. आठही राखणदार ओरडतात. दुसऱ्या चित्रात? पाचव्या ओळीत आधी ४ काळी घरं होती. आठही उलटली, तरी काळी घरं ४ च! राखणदार गाढ झोपलेला. आठ चुका घरात शिरल्या आणि एकही घंटा वाजली नाही.

म्हणून नुसतं "माझ्या यंत्रणेत पॅरिटी आहे" असं म्हणून भागत नाही. चुका विखुरलेल्या येतात की गठ्ठ्याने, हे आधी पाहावं लागतं. स्तंभांनाही राखणदार दिले असते, तर दुसऱ्या चित्रात आठही स्तंभ ओरडले असते. आणि एकच चूक असती, तर ओरडणारी ओळ आणि ओरडणारा स्तंभ जिथे छेदतात तिथेच ती सापडली असती.

चौकोन रंगवणं म्हणजे बालवाडीचा खेळ, असं कोणाला वाटलं तर १९६५ चा जुलै महिना आठवा. अमेरिकेचं मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेलं आणि त्याने काढलेले फोटो २० कोटी किलोमीटरहून दूर अंतरावरून येऊ लागले. एक फोटो म्हणजे २०० ओळी, प्रत्येक ओळीत २०० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला ६ बिट, एकूण २,४०,००० बिट. वेग सेकंदाला साधारण ८.३३ बिट. भागाकार करा, एका फोटोला ८ तास! यानावरचा टेपरेकॉर्डर नीट चालला की नाही याची इंजिनिअरांना धास्ती होती आणि कॉम्प्युटर चित्र तयार करेपर्यंत थांबवेना. त्यांनी आलेले आकडे कागदी पट्ट्यांवर छापले, पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या आणि आकड्यांप्रमाणे खडूने रंग भरले. मंगळाच्या कडेची कमान हाताने रंगवलेल्या त्या कागदावर उमटली आणि मग जीव भांड्यात पडला. तो कागद आजही जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत जपून ठेवला आहे.

या ६ बिटांतही सगळे बिट सारखे नसतात, हेही लक्षात घ्या. ठिपक्याची किंमत ० ते ६३ असते. शेवटचा बिट चुकला तर छटा एकाच पायरीने सरकते, डोळ्याला कळतही नाही. पहिला बिट चुकला तर ३२ पायऱ्यांची उडी, काळ्या आकाशात एकदम पांढुरका डाग. मोजदादीत मात्र दोन्ही "एक चूक" च.

६. चूक दुरुस्त कशी होते?

बेल लॅब्जमधले गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांना एक त्रास होता. त्यांचं काम सुट्टीच्या दिवशी रिलेवर चालणाऱ्या यंत्रावर लागायचं. यंत्राला चूक झाल्याचं कळायचं, पण मग ते काम तसंच सोडून पुढच्या कामाला लागायचं. चूक झाली हे कळतं, तर कुठे झाली हे का कळू नये, या प्रश्नातून त्यांनी १९५० मध्ये आपला कोड प्रसिद्ध केला. त्याच्या दोन वर्षं आधी, १९४८ मध्ये, त्याच बेल लॅब्जमध्ये क्लॉड शॅनन यांनी दाखवून दिलं होतं की माध्यमात नॉइज असला तरी ठराविक वेगमर्यादेच्या आत चुकांचं प्रमाण हवं तेवढं कमी करता येतं.

हॅमिंगचा ७ बिटांचा कोड पाहू. ४ बिट संदेशाचे, ३ राखणदार. राखणदार १, २ आणि ४ या जागांवर बसतात, संदेश ३, ५, ६, ७ वर.

पहिला राखणदार जागा १, ३, ५, ७ सांभाळतो.
दुसरा राखणदार जागा २, ३, ६, ७ सांभाळतो.
चौथ्या जागेवरचा राखणदार ४, ५, ६, ७ सांभाळतो.

प्रत्येक गटात १ ची संख्या सम असली पाहिजे. संदेश १०११ असेल तर पूर्ण शब्द होतो ०११००११. स्वतः पडताळून पाहा.

आता पाचवा बिट चुकला, मिळालं ०११०१११. पहिला गट विषम, दुसरा गट सम, चौथा गट विषम. ओरडणाऱ्यांच्या जागांची बेरीज करा : १ + ४ = ५. चूक पाचव्या जागी! तो बिट उलटा करायचा, झालं काम.

पण पाचवा आणि सहावा असे दोन्ही चुकले तर? मिळालं ०११०१०१. पहिला गट विषम, दुसरा विषम, चौथा सम. बेरीज १ + २ = ३. रिसीव्हर मोठ्या आत्मविश्वासाने तिसरा बिट उलटा करतो. तो तर बरोबर होता! दोन चुकांच्या तीन झाल्या. संदेश १०११ होता, हातात पडला ०१०१. चारातले तीन बिट चुकीचे. दुरुस्ती करणारी यंत्रणाच बिघाड वाढवते, तो असा. लागोपाठ येणाऱ्या चुकांपुढे हा कोड एकटा टिकत नाही.

७. गठ्ठा विखरून टाकायची युक्ती

मग काय करायचं? चुका आपल्या हातात नाहीत, पण बिट कोणत्या क्रमाने पाठवायचे ते आपल्या हातात आहे.

हॅमिंगचे ७ शब्द एकाखाली एक लिहा. ७ × ७ चा चौकोन झाला. तो आडवा न पाठवता उभा पाठवा : आधी सगळ्यांचे पहिले बिट, मग सगळ्यांचे दुसरे, असं. वाटेत लागोपाठ ७ बिट खराब झाले, तरी रिसीव्हरने पुन्हा चौकोन मांडल्यावर प्रत्येक शब्दाच्या वाट्याला एकच चूक येते. एक चूक तर हॅमिंग सहज दुरुस्त करतो. सातही शब्द वाचले! एकही बिट जास्त खर्च झाला नाही, फक्त क्रम बदलला. थोडी वाट मात्र पाहावी लागते, कारण पूर्ण चौकोन भरल्याशिवाय वाचता येत नाही. याला इंटरलीव्हिंग म्हणतात.

१९८२ मध्ये बाजारात आलेली ऑडिओ सीडी हीच युक्ती वापरते. तिच्यात हॅमिंगपेक्षा ताकदवान रीड-सॉलोमन कोड आणि इंटरलीव्हिंग यांची जोडी आहे. त्यामुळे माग सुमारे अडीच मिलिमीटर लांबीपर्यंत ओरखडला तरी गाणं बिनचूक वाजतं. सीडी गोल-गोल न पुसता मधून बाहेरच्या कडेला सरळ पुसावी असं सांगतात, तेही याचसाठी. सरळ ओरखडा प्रत्येक मागाला थोडासाच छेदतो, गोल ओरखडा एकाच मागावरून लांबवर जातो. गोल ओरखडा म्हणजे आपली ती पाचवी ओळ.

क्यूआर कोडमध्येही रीड-सॉलोमनच आहे. भाजीवाल्या मावशींच्या हातगाडीवरचा क्यूआर पावसाने भिजलेला, कोपऱ्यात फाटलेला असतो, तरी पैसे बरोबर खात्यात जातात. सर्वांत मजबूत पातळीचा क्यूआर सुमारे ३० टक्के खराब झाला तरी वाचता येतो, सर्वांत साध्या पातळीचा सुमारे ७ टक्के.

८. थोडक्यात

• चुका सगळ्या एकाच बाजूच्या असतील तर उंबरठा तपासा.
• दोन्ही बाजूंनी सारख्या आणि विखुरलेल्या असतील तर तो नॉइज आहे. सिग्नल वाढवा किंवा कोड वापरा.
• गठ्ठ्याने येत असतील तर आधी कोड, मग इंटरलीव्हिंग.
• एकही चूक दिसली नाही तर आणखी बिट पाठवा.

स्वाध्याय

१) स्प्रेडशीटमध्ये उंबरठा ० वरून ०.१, ०.२, ०.३ असा सरकवा. प्रत्येक वेळी १ च्या चुका आणि ० च्या चुका वेगळ्या लिहा. फरक केव्हापासून स्पष्ट दिसू लागतो?
२) 'प' च्या चौकोनात एकाच ओळीत लागोपाठ ३ चुका करा. राखणदार ओरडतो का? ४ केल्या तर?
३) तोच 'प' ओळीऐवजी स्तंभाप्रमाणे पाठवला आणि एका स्तंभाचे आठही बिट उलटले, तर किती ओळींचे राखणदार ओरडतील?
४) हॅमिंगच्या ०११००११ या शब्दात दुसरा आणि सातवा बिट चुकवा. रिसीव्हर कोणता बिट उलटा करेल? संदेशातले किती बिट चुकतील?
५) घरात फोनवर एखादा क्यूआर कोड उघडा, दुसऱ्या फोनने स्कॅन करा. मग मधला भाग बोटाने थोडा थोडा झाका. किती झाकल्यावर स्कॅन होईना? तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन मात्र झाकू नका. ते कोड शोधण्यासाठी असतात, त्यांना ही दुरुस्ती लागू होत नाही.

उत्तरं वहीत लिहा, आणि आलेला आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा असेल तर तो तसाच लिहा. शेजारी चित्र काढा. त्या विद्यार्थिनीने त्या दिवशी जर्नलमध्ये दोन रीडिंग लिहिली होती : उंबरठा ०.५ असताना सुमारे ८०, उंबरठा ० असताना २३ च्या आसपास. मधे लाल-निळ्या ठिपक्यांचा आलेख चिकटवला होता. त्या पानावर मी सही केली. तेव्हापासून माझ्या प्रॅक्टिकलला "जुळवून लिही" हे शब्द बंद आहेत.

भेटू पुढच्या पाठात. अभ्यासासाठी शुभेच्छा!